बाळाच्या लिव्हरमध्ये रक्तवाहिन्यांची गाठ, सोनोग्राफीनंतर एमआरआय खरंच लागतो का?

कोथरूडची_आई: पुतणी तीन महिन्यांची आहे, अंगावर लाल लाल डाग बरेच आहेत म्हणून स्किनच्या डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी सांगितली तर लिव्हरमध्ये छोट्या गाठी निघाल्या, हेमॅन्जिओमा म्हणतायत. आता एमआरआय सांगितलाय, एवढ्याशा जिवाला भूल द्यायची म्हणून वहिनी घाबरलीये. सीटीवर नाही का भागणार?

रेडिओ_पुणेकर: ताई, अंगावर ५ किंवा जास्त असे डाग असले की लिव्हरची सोनोग्राफी करतातच, बरोबर केलंय त्यांनी. डॉपलर केलंय का ते बघा, रक्त किती जोरात वाहतंय ते त्यात कळतं. सीटीत रेडिएशन, त्यामुळे बाळांना शक्यतो एमआरआयच. कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर गाठ कडेकडून आत भरत जाते, तो पॅटर्न दिसला की बऱ्यापैकी खात्री पटते आणि बायोप्सी बहुतेकदा टळते. भूल प्रत्येकाला लागतेच असं नाही हं, लहान बाळाला दूध पाजून गुंडाळून झोपेतच स्कॅन करतात कधीकधी, विचारून बघा.

सिंहगडरोडचा_बाबा: रक्तातल्या एएफपीचा (एक प्रोटीन) आकडा बघून घाबरू नका, या वयात तो मुळातच जास्त असतो, वयाप्रमाणे बघावा लागतो. हेपॅटोब्लास्टोमा (लहान मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर) नाहीये ना याच्यासाठी करतात ती टेस्ट.

रेडिओ_पुणेकर: हो, आणि गाठी खूप असतील तर थायरॉईडची टेस्ट आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) पण, हे बरेच जण विसरतात. गरज पडली तर प्रोप्रानोलॉल हे औषध देतात, नाहीतर नुसतं लक्ष ठेवायचं.

कोथरूडची_आई: थायरॉईड कोणी बोललंच नव्हतं, उद्याच विचारते. थँक्यू दादा.