मदत हवी आहे : सूर्यचुलीची छत्री अन्वस्त (पॅराबोलाच्या आकाराची) आहे का? भांडं नेमकं कुठे ठेवायचं?

नमस्कार. आम्ही चोपड्याजवळ राहतो. भंगारातून एक जुनी सूर्यचूल मिळाली. मोठ्या उलट्या छत्रीसारखी, आतून चकचकीत पत्रा. भांडं ठेवायची कडी मात्र गायब. एप्रिलमध्ये आमच्याकडे उन्हाची काय कमी! तरी वरण-बट्टीसाठी लावलेली तुरीची डाळ दोन तासांत शिजली नाही.

भांडं ठेवायची उंची मी अशी काढली. तोंडाचा व्यास १४० सेंमी, मधली खोली ४३.८. गोलाचा तुकडा धरला तर त्रिज्या ७८च्या आसपास येते. नाभीय अंतर (तळापासून नाभीपर्यंतचं, म्हणजे किरण एकवटतात त्या बिंदूपर्यंतचं) त्याच्या निम्मं, हे दहावीत शिकलेलं अजून पाठ आहे. म्हणून तळापासून ३९ सेंमीवर पातेलं ठेवलं.

भाची अकरावीला आहे. ती म्हणते, "मावशी, हा गोल नाहीच, अन्वस्त आहे." पण नुसतं बघून कसं ओळखायचं? शेवटी छत्री सपाट ठेवून तोंडावर पट्टी आडवी टाकली आणि ओळंबा सोडून मापं घेतली. मध्यापासून दर १० सेंमीवर तळापासूनची उंची अशी आली: ०.९, ३.६, ८.०, १४.३, २२.३, ३२.१, ४३.८.

यावरून खात्रीने काही सांगता येईल का? आणि नाभी कुठे येईल? कृपया सूत्रासोबत कारणही सांगा, भाचीलाही समजून घ्यायचंय.

प्रतिसाद:

ताई, मापं फार नीट घेतलीत, उत्तर त्यातच आहे. शून्यापासून सुरू करून लगतच्या उंचींमधले फरक काढा: ०.९, २.७, ४.४, ६.३, ८.०, ९.८, ११.७. आता या फरकांचे फरक: १.८, १.७, १.९, १.७, १.८, १.९. मिलिमीटरभर चूक सोडली तर सगळे सारखे. ही अन्वस्ताची खूण. तुमचा ७८ त्रिज्येचा गोल असता, तर ३० सेंमीवर उंची ६ भरली असती. तुमची ८ आहे.

नाभीसाठी अंतराचा वर्ग करा आणि उंचीच्या चौपटीने भागा. ३० वर ९०० ÷ ३२ = २८.१, ६० वर ३६०० ÷ १२८.४ = २८.०. म्हणजे नाभी तळापासून २८ सेंमीवर, तोंडाच्याही आत.

अन्वस्ताच्या अक्षाला (तळाच्या मध्यातून सरळ वर जाणाऱ्या रेषेला) समांतर आलेला प्रत्येक किरण परावर्तित होऊन नाभीतूनच जातो. तुमचं पातेलं नाभीच्या ११ सेंमी वर होतं. कडेकडचे किरण त्याच्या खालूनच निघून जात होते. पातेल्याचा तळ २० सेंमी रुंद असेल तर त्याला मधल्या भागातलं, जेमतेम दहावा हिस्सा ऊन लागत असणार.

भाचीला एक पडताळा करायला सांगा. २८ सेंमी उंचीवर छत्रीची आतली रुंदी मोजायची. ती नाभीय अंतराच्या चौपट, म्हणजे ११२ यायला हवी. पुस्तकातला नाभिलंब तो हाच.

मध्यावर एक काडी उभी करा. तिची सावली नाहीशी होईल तेव्हा अक्ष सूर्याकडे आहे असं समजा. पातेलं बाहेरून काळं हवं. काळा चष्मा लावा, आणि छत्री सूर्यापासून वळवल्याशिवाय भांड्याला हात लावू नका.

धागाकर्ती:

दोरी ताणून मोजली. १११ आणि थोडं वर भरली! भाचीने वहीत आकृती काढून नाभिलंबाखाली आमच्या छत्रीचं माप लिहिलंय. तिपाई कापायला दिली आहे, उद्या परत डाळ लावते.