लॅपटॉप चालू होतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच

प्रश्न
पॉवर बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीनवर काहीच येत नाही, कंपनीचा लोगोसुद्धा नाही. दहा-पंधरा सेकंदांनी पंखा थांबतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. लॅपटॉप पडलेला नाही, त्यावर पाणीही सांडलेलं नाही. रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत, डीडीआर ४. बॅटरी आतली. नवीन स्क्रीन मागवू का?

उत्तर १
एवढ्यात मागवू नका. ‘डिस्प्ले येत नाही’ या एका तक्रारीत दोन वेगळे बिघाड असतात: मशीन सुरू झालंय पण चित्र दिसत नाही, किंवा मशीन मुळात सुरूच होत नाहीये. दिवा आणि पंख्यावरून हे ठरत नाही, कारण प्रोसेसरने एकही काम केलं नाही तरी दोन्ही चालू शकतात.

आधी चार्जर आणि यूएसबीला लावलेलं सगळं काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून सुरू करा. एक-दोन मिनिटांनी कॅप्स लॉक दाबा. दर वेळी त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन आत चालू आहे. तसं असेल तर खोलीत अंधार करून स्क्रीनवर टॉर्च तिरका मारा. अंधुक अक्षरं दिसली तर चित्र येतंय, फक्त बॅकलाइट (स्क्रीनमागचा उजेड) गेलाय. शेवटी एचडीएमआयने मॉनिटर जोडा. तिकडे चित्र आलं तर मदरबोर्ड आणि रॅम बहुधा ठीक, दोष स्क्रीनच्या केबलमध्ये किंवा पॅनेलमध्ये, म्हणजे खुद्द स्क्रीनमध्ये.

तुमचा पंखा थांबून परत सुरू होतोय, त्यामुळे माझा संशय रॅमवर आहे.

प्रश्नकर्ता
३० सेकंदांचा उपाय केला, फरक नाही. कॅप्स लॉकचा दिवा लागतच नाही. टॉर्चमध्ये काही दिसत नाही, एचडीएमआयवरही ‘नो सिग्नल’.

उत्तर २
मग स्क्रीन तूर्त बाजूला ठेवा आणि पाठचं झाकण उघडा. स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपची चौकट काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा. लांबी वेगवेगळी असते, आखूड जागी लांब स्क्रू पिळला तर वरचं प्लास्टिक फुगतं किंवा फुटतं. झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर बोर्डावरून सोडवणं. तारा धरून ओढू नका, कनेक्टरलाच दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सरकवा.

आता रॅम. दोन्ही कडांच्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या की पट्टी स्वतःच तिरकी वर येते. सोनेरी टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. खोडरबरने घासायची सवय सर्रास आहे, पण त्याचा चुरा सॉकेटमध्ये अडकून नवं दुखणं होतं. बसवताना खाच जुळवा, पट्टी तिरकी ठेवून पूर्ण आत सरकवा आणि मग खाली दाबा. दोन्ही खिट्ट्या ‘टक्’ वाजल्या पाहिजेत. एकच वाजली तर पट्टी नीट बसलेली नाही.

दोन्ही पट्ट्या एकदम लावू नका. पहिली पट्टी पहिल्या सॉकेटमध्ये, मग दुसऱ्यात. तसंच दुसऱ्या पट्टीचं. चार वेळा तपासायचं आणि प्रत्येक वेळी पट्टी हलवण्याआधी चार्जर व बॅटरी दोन्ही सोडवायची. रॅम बदलल्यावर पहिल्या सुरुवातीला बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) तिचं टायमिंग जुळवतं, तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. दोन-तीन मिनिटं थांबा. बरेच जण इथेच घाईने बटण दाबतात आणि चांगली पट्टी बाद ठरवतात.

उत्तर ३
बटणाजवळचा किंवा चार्जिंगचा दिवा ठरावीक तालात लुकलुकतो का, हेही मोजा. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत २ वेळा पिवळा आणि ३ वेळा पांढरा म्हणजे रॅम सापडली नाही, २ आणि ७ म्हणजे पॅनेलचा दोष.

ज्यांना टॉर्चमध्ये अक्षरं दिसतात त्यांच्यासाठी एक गोष्ट: बिजागरीतून जाणारी डिस्प्लेची केबल बॅटरी जोडलेली असताना काढू-घालू नका. त्याच केबलमधून बॅकलाइटची वीज जाते. कनेक्टर जरा वाकडा बसला तरी शेजारच्या पिना जुळून बोर्डावरचा बारीक फ्यूज उडतो, आणि मग पॅनेल बदलूनही उजेड येत नाही.

प्रश्नकर्ता
पहिली पट्टी दोन्ही सॉकेटमध्ये चालते, साधारण दीड मिनिटाने लोगो येतो. दुसरी पट्टी लावली की दोन्हीकडे तीच काळी स्क्रीन.

उत्तर २
म्हणजे सॉकेट चांगले आहेत, दुसरी पट्टीच गेली. सध्या ८ जीबीवर चालवा. नवी घेताना डीडीआर ४ सोडिम (लॅपटॉपची आखूड पट्टी), १.२ व्होल्ट एवढं बघा. वेग वेगळा असला तरी बहुधा चालतं, फक्त दोन्ही पट्ट्या कमी वेगावर धावतात. उरलेल्या पट्टीवर आज रात्री मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची एक पूर्ण फेरी चालवा. एकही चूक दाखवली तर तीही बदला, नाहीतर फायली गुपचूप खराब होत राहतील.