यीस्ट आणि विकर: पेशी नेहमीच फोडाव्या लागत नाहीत

यीस्टमध्ये तयार झालेले विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) मिळवण्यासाठी पेशी फोडाव्याच लागतात आणि म्हणून ही पद्धत महाग पडते, असे म्हटले जाते; त्यात एक भर घालावीशी वाटते. क्लुइव्हेरोमायसिस लॅक्टिस या यीस्टचे स्वतःचे लॅक्टेज, म्हणजे दुधातील साखर फोडणारे विकर, पेशीच्या आतच राहते, तेथे हे विधान खरे आहे. मात्र चीज करताना दूध साकळवणारे, मुळात वासराच्या जठरातून मिळणारे कायमोसिन याच यीस्टकडून तयार करून घेताना कायमोसिनच्या जनुकापुढे स्रावाचा, म्हणजे प्रथिन पेशीबाहेर सोडण्याचा, संकेत देणारा क्रम जोडतात. त्यामुळे प्रोकायमोसिन हे त्याचे निष्क्रिय पूर्वरूप पेशीबाहेरील द्रवात उतरते, पेशी गाळून वेगळ्या करता येतात आणि द्रवाची आम्लता वाढवली की पूर्वरूपाचा एक तुकडा गळून पडून क्रियाशील विकर मिळते. अमेरिकेत १९९० साली मान्यता मिळालेले कायमोसिन ई. कोलाय जिवाणूत तयार होत असे. तेथे प्रथिन अविद्राव्य गोळ्यांच्या रूपात साचत असल्याने ते विरघळवून पुन्हा योग्य घडीत (आकारात) आणावे लागे. हा खटाटोप वाचतो, यातच मला यीस्टचे खरे बळ दिसते. अर्थात, स्रावाच्या वाटेवर यीस्ट काही प्रथिनांना मॅनोज शर्करेच्या साखळ्या जोडते, त्यामुळे प्रत्येक विकरासाठी हा मार्ग सोयीचा ठरेलच असे नाही.