सुशेगाद गोव्यात कसले आलेय डिप्रेशन?

सत्तरीकर
काल इथे एकाने लिहिले, "डिप्रेशन हे पणजी-मडगावात एसीत बसणाऱ्यांचे फॅड. आमचे आजे पोफळीच्या कुळागरात राबले, त्यांना वेडे व्हायला वेळच नव्हता." गप्प बसणार होतो, पण रात्रभर ते डोक्यातून गेले नाही.

२०१२ला खाणी बंद पडल्या तेव्हा थोरल्या भावाचे खनिज वाहणारे दोन ट्रक होते, दोन्ही कर्जावर. वर्षभर तो सोप्यावर बसून अंगणातल्या ट्रकांकडे बघायचा. तक्रार एकच, छातीत धडधडते. डॉक्टरने गॅसच्या गोळ्या दिल्या. मग ईसीजी काढला, तो चांगला आला, मग परत गॅसच्याच गोळ्या. देवळात कौल घेतला, पूर्वजांचे काही राहिलेय असे निघाले, तेही फेडले. चार वर्षांनी बांबोळीला मानसोपचार संस्थेत नेला. वाड्यावर सांगितले, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात जातो, पाठ दुखते. दोन्ही जवळजवळ असल्याने खोटे खपून गेले. आज तो भाड्याची रिक्षा चालवतो आणि माझ्याशी भांडतोसुद्धा.

आजेही आजारी पडायचे हो. त्यांना मागच्या खोलीत ठेवायचे, एवढेच.

म्हापशेकर
तो 'एक' म्हणजे मीच. भावाचे वाईट वाटले, पण तो कर्जाचा प्रश्न. गोळीने हप्ता भरतो काय?

फोंड्याची सून
हप्ता भरायला माणूस अंथरुणातून उठायला नको?

म्हापशेकर बाब, २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना सापडले. हे सगळे एसीतले काय? आणि गंमत म्हणजे यावरचा एक उपाय आपल्याच आरोग्य केंद्रांत तपासला गेला. पर्वरीच्या संगाथ संस्थेने डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून तिथे बसवले. ६ ते ८ भेटींत नैराश्य कमी होते हे दाखवले, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. जगाने वाचले, आपल्या वाड्यावर पत्ता नाही.

पण बोलायचे कुठल्या भाषेत? सासूबाईंना एका खासगी मानसोपचार डॉक्टरबाईंकडे नेले. फॉर्म इंग्रजीत. 'गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस होपलेस वाटले?' सासूबाई मलाच विचारतात, "होपलेस म्हणजे वायट काय गो?" परत गेल्या नाहीत.

पेडणेकार
इथेच दुखते! फॉर्म मराठीत का नाही? गोव्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्यात सरकारी कामासाठी मराठीची तरतूद आहे. पेडण्यात, सत्तरीत, डिचोलीत लोक वाचतात ते मराठी.

केपेंकार
सासूबाई "वायट काय गो" म्हणाल्या, ती मराठी काय? माणूस रडतो आपल्या भाषेत. गोव्यात ती कोकणी.

पेडणेकार
आमच्या घरी भजन, आरती, मृत्युपत्र सगळे मराठीत. आम्ही कशात रडायचे ते केप्याहून ठरवू नका.

केपेंकार
मृत्युपत्रात कोण रडतो?

पेडणेकार
वाटणीत ज्याला कमी मिळते तो.

वास्कोकर
तुमचे चालू द्या. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात लिहिलेय की विम्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखेच धरावे. माझ्या विमा कंपनीच्या माणसाने फोनवर मलाच विचारले, "असा कायदा आहे?" कलम २१ त्याला मी वाचून दाखवले.

फोंड्याची सून
अहो, मी सासूबाईंचे सांगत होते. त्या 'नैराश्य' म्हणत नाहीत आणि 'निराशा'ही नाही. म्हणतात, टेन्शन आलेय, जीव घाबरतो. फॉर्म कुठल्याही भाषेत असू दे, हा शब्द त्यात हवा.

केपेंकार
हे मान्य. 'जीव घाबरता' आमच्याकडेही म्हणतात. मराठी म्हणून नव्हे.

म्हापशेकर
संपले का भाषेचे? आता मी खरे बोलतो, मग काय त्या शिव्या घाला. माझ्या मुलीचे स्थळ चालू आहे. बायको दोन महिने नीट झोपत नाही, जेवत नाही, ते मला दिसत नाही असे नाही. पण लग्न होईपर्यंत मी तिला बांबोळीला नेणार नाही. पार्किंगमध्ये ओळखीचा एक भेटला की संध्याकाळपर्यंत म्हापशाच्या बाजारात बातमी. हे खोटे म्हणून दाखवा. तुमच्यापैकी कोणीही नेले नसते.

फोंड्याची सून
१४४१६ला फोन करा, टेलि-मानस, सरकारची मनाच्या आजारांसाठीची हेल्पलाइन, फुकट आहे. फोनला पार्किंग लागत नाही. आणि तिला विचारा तरी.

म्हापशेकर
नंबर लिहून घेतला. पुतण्याच्या मित्रासाठी हवा होता.

सत्तरीकर
तुमचे खोटे नाही म्हापशेकर. वर मी चार वर्षे लिहिली ना? त्यातली शेवटची दोन धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे म्हणून थांबलो. ट्रकांची जागा मंडपाला लागली, तेव्हा भावानेच ते हलवून दिले. जेवायला मात्र तो खाली आला नाही. पाहुण्यांना आम्ही सांगितले, पाठ दुखते.

पेडणेकार
१९८७च्या कायद्याबद्दल मी विचारले त्याला अजून कोणी उत्तर दिलेले नाही.