‘डेझी’ला आपल्याकडं काय म्हणायचं? आणि कपार की भेग?

बेळगावकर : परवा राजहंसगडावर गेलो होतो. तटाच्या दगडांमधून फुलं वर आलेली, मधे पिवळी चकती आणि भोवती पांढरट पाकळ्या. पुतणीनं फोटो काढला. "काका, खाली मराठीत काय लिहू? डेझी नको." मी ऐटीत सांगून टाकलं, ‘कपारीतली रानशेवंती’. घरी आल्यावर शंका खायला लागली. शेवंती ती वेगळीच की! जाणकारांनी सांगावं.

खानापूरकडचा : पाकळ्या मोजलास काय? पाचाच्या आसपास असतील आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन दात असतील तर ती एकदांडी. वीतभर लांब, केसाळ, एकटा दांडा आणि त्याच्या टोकाला एकच फूल. नावातच ओळख आहे बघ. पानं समोरासमोर, हाताला खरखरीत, कडा मोठ्या दातांच्या. हिलाच दगडीपाला म्हणतात, कुठं कुठं जखमजोडी. लहानपणी गुडघा फुटला की आमची आज्जी हाच पाला चुरगाळून दाबायची, आणि असा झोंबायचा की पडल्यापेक्षा त्याचंच रडू जास्त. आणि ‘रान’ लावायच्या आधी एक सांगतो, ही मूळची अमेरिकेतली. पाहुणी आलेली, आता घरचीच झालीय.

चंदगडी पाव्हणा : पांढरट असेल तर वरचं बरोबर. पण फूल अख्खं पिवळंधमक असेल आणि दिवस पावसाळ्याच्या शेवटाचे असतील, तर सोनकी. घाटमाथ्यावरच्या कातळावर ऑगस्ट ते ऑक्टोबर नुसतं पिवळं पसरलेलं असतं ते हेच. सोनकीला फांद्या फुटतात, एका झाडावर पुष्कळ फुलं येतात, पानं एकाआड एक, समोरासमोर नव्हेत. शास्त्रीय नाव सेनेसिओ बॉम्बेएन्सिस. याच सेनेसिओची एक जात बेलगामेन्सिस म्हणून आहे, म्हणजे बेळगावचं नाव वनस्पतिशास्त्रात कधीच पोचलंय, आणि आपण बसलोय डेझी डेझी करत!

सोनकडी म्हणून अजून एक पिवळं आहे, त्यात गल्लत करू नका. तिचा दांडा काडीसारखा बारीक, पाकळ्या अरुंद आणि पानाचा बुडखा खोडाला कवटाळून बसलेला. पान उलटून बघितल्याशिवाय बोलू नये.

निपाणीची काकू : फुलाचं झालं, आता शब्दाचं बोलते. कपार म्हणजे दगडातली आत गेलेली, ओंजळभर तरी जागा. तिथं साप बसतो, पाखरू घरटं करतं. तुमच्या फुलाला एवढी जागा लागतच नाही. तडकलेल्या कातळाला पडते ती भेग. दोन दगड एकमेकांना टेकतात तिथली ती सांद. सांदीकोपऱ्यातली सांद तीच, आणि आमच्या शेजारच्या कन्नड बाई बोळाला संदि म्हणतात तीही तीच, दोन्हींचं मूळ संधि. तटाचे दगड रचलेले असतात, म्हणून तिथं सांदच बरोबर. आणि जांभ्याच्या चिऱ्याला तडा गेला तर? चिऱ्याच्या चिरेत!

डेझीचं म्हणाल तर इंग्रजांनी ‘दिवसाचा डोळा’ यावरून ते नाव केलं, कारण त्यांचं ते फूल संध्याकाळी मिटतं आणि सकाळी उघडतं. तो त्यांच्याकडच्या एका फुलाचा गुण. तो शब्द सगळ्या चकतीवाल्या फुलांना लावत सुटायचं काही कारण नाही. रानशेवंतीही तसलंच, मोघम.

खानापूरकडचा : काकू, बरोबर बोललात. आणि आपण पाकळी पाकळी म्हणालोय ती पाकळी नव्हेच. कडेची प्रत्येक पट्टी हे एक वेगळं फूल, मधली चकती म्हणजे बारक्या फुलांचा गठ्ठा. सूर्यफूल, शेवंती, सोनकी, एकदांडी, सगळं एकच कूळ. म्हणून तर लांबून सगळी सारखी दिसतात.

बेळगावकर : फोटो मोठा करून बघितला. पट्ट्या पाच, एका फुलाला चारच. टोकाला तीन दात स्पष्ट, दांडा केसाळ, पानं समोरासमोर. एकदांडीच. खाली आता ‘सांदीतली एकदांडी’ लिहिलंय. पुतणी म्हणते, "काका, ऐकायला रानशेवंतीच बरं होतं की!"