पाऊण टनी ट्रकमागे १६,००० पाउंडांचं फिफ्थ व्हील: मधे डॉली लावून जमेल का?

टेक्सासचा_वाटसरू
मंडळी, मुक्काम डॅलसजवळ. ट्रक पाऊण टनी (हे वर्गाचं नाव, खरी क्षमता नाही), डिझेल, चार दरवाजांचा, आखूड बेडचा (मागचा उघडा हौदा). जीव्हीडब्ल्यूआर (गाडीचं भरल्यावरचं कमाल वजन) १०,००० पाउंड, ट्रक-ट्रेलर मिळून कमाल वजन, म्हणजे जीसीडब्ल्यूआर, २६,०००, दाराच्या खांबावरच्या पिवळ्या स्टिकरवर पेलोड (ट्रकवर लादता येणारं वजन) २,४५०. जे फिफ्थ व्हील (पुढचं टोक ट्रकच्या बेडमध्ये टेकवून ओढायचा राहण्याचा ट्रेलर) घ्यायचंय ते ४० फुटी, जीव्हीडब्ल्यूआर १६,०००. सामान, पाणी, गॅस धरून १५,००० होईल. विक्रेता म्हणतो, ओढेल. ओढेल हो, पण पेलेल का?

एक जुनी डॉली, म्हणजे ट्रक आणि ट्रेलरच्या मधे लावायची चाकांची छोटी गाडी, विकायला आहे. एकच अ‍ॅक्सल, वळणारी चाकं, वर फिफ्थ व्हीलची प्लेट, पुढे ट्रकला दोन ठिकाणी जोडणी. स्वतःचं वजन २,१००, अ‍ॅक्सल ८,००० चा. पिनचं वजन, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या जोड-खिळ्यातून पडणारा भार, ट्रकवरून खरंच उतरतं का? आणि त्या बदल्यात दुसरीकडे काय अडतं?

पाना_बारा
आधी डॉलीशिवायचा हिशेब. फिफ्थ व्हीलचं पिन वेट भरलेल्या वजनाच्या २० ते २५ टक्के असतं. २२ टक्के धरले तर ३,३०० पाउंड. चार माणसं ६२०, किरकोळ सामान १८०, बेडमधली हिच (जोडणीचा सांगाडा) २००. बेरीज ४,३००, पेलोड २,४५०. म्हणजे १,८५० जास्त. हे एअरबॅग (मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) लावून सुटत नाही. एअरबॅगने मागची बाजू उचलली जाते, अ‍ॅक्सल आणि टायरवरचं वजन तेवढंच राहतं.

डॉली लावली की हे ३,३०० तिच्या अ‍ॅक्सलवर जातात. २,१०० + ३,३०० = ५,४००, अ‍ॅक्सल ८,००० चा. टायर एसटी २३५/८५ आर१६, लोड रेंज (भारक्षमतेचा वर्ग) ‘जी’ असतील तर ११० पीएसआयला प्रत्येकी ४,४०० पाउंड, तिथेही हरकत नाही. एकूण: ट्रक ७,५५० + माणसं-सामान ८०० + डॉली २,१०० + ट्रेलर १५,००० = २५,४५०. जीसीडब्ल्यूआरमध्ये ५५० उरतात. काठावर, पण आत.

आता खरी मेख. फिफ्थ व्हील बेडमध्ये असताना ओढ थेट चॅसीवर, मागच्या अ‍ॅक्सलच्या डोक्यावर येते. डॉली मधे आली की सगळी ओढ मागच्या रिसीव्हरमधून (ट्रकच्या मागच्या बंपरखालची जोडणीची चौकोनी नळी). ट्रकची फिफ्थ व्हीलची ओढक्षमता आणि रिसीव्हरवरची ओढक्षमता हे दोन वेगळे आकडे असतात आणि दुसरा बहुधा कमी असतो. रिसीव्हरवर डॉली आणि ट्रेलर दोन्ही मिळून १७,१०० येणार. ट्रकखाली वाकून रिसीव्हरचं स्टिकर वाचा आणि आकडा इथे टाका. त्याआधी डॉलीचा इसारा देऊ नका.

सांधेजोड
दोन ठिकाणी जोडणी का, हे कळलं की बाकीचं सोपं. व्यावसायिक ट्रकांत डॉलीचे दोन प्रकार. ए-डॉलीला एकच दांडा, एकच जोड. ती आडवी स्वतंत्र वळते आणि ट्रेलर तिच्यावर पुन्हा वेगळा वळतो. रिव्हर्समध्ये काय होतं ते कोल्हापूर-सांगलीकडच्यांना सांगायला नको: ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून मागे घेऊन बघा. सी-डॉलीला दोन समांतर दांडे आणि स्वतः वळणारा अ‍ॅक्सल. ती ट्रकच्या मागे आडवी वळतच नाही, त्यामुळे एक सांधा कमी होतो. तुमची डॉली या दुसऱ्या जातीची. रिव्हर्स साध्या फिफ्थ व्हीलसारखाच, फक्त सांधा ट्रकच्या खूप मागे असल्याने ट्रेलर प्रतिसाद वेगळा देतो आणि ट्रकचं नाक बाहेर जास्त फेकलं जातं.

पण डॉली आडवी वळत नाही म्हणजे वळणावर तिची चाकं घासणार. म्हणून ती वळती ठेवतात. आणि वळतं चाक वेगात थरथरतं, म्हणून वेगात लॉक. लॉक कुठल्या वेगाला लागतो-सुटतो, रिव्हर्समध्ये काय होतं आणि लॉक हवेवर, विजेवर की हाताने चालतो, हे त्या डॉलीच्या पुस्तिकेत बघा. पुस्तिका नसेल तर ती डॉली घेऊ नका. विकत घेताना जॅकवर उचलून चाक हाताने हलवा: लॉक असताना तसूभरही खेळ दिसला तर बुश किंवा लॉकपिन झिजलेत, महामार्गावर तोच खेळ शिमी (चाकाची थरथर) होऊन स्टिअरिंगपर्यंत येईल. टायरच्या एकाच कडेवर करवतीसारखे दाते दिसले तर लॉक वेळेवर सुटत नव्हता असा संशय घ्या.

अजून एक. फिफ्थ व्हील स्थिर का चालतं? पिन मागच्या अ‍ॅक्सलवर असते, बाजूच्या वाऱ्याचा धक्का थेट टायरवर उतरतो. डॉलीत पिन सात-आठ फूट मागे जाते. तो धक्का डॉलीच्या लॉक केलेल्या टायरांनी घ्यायचा असतो. तेवढा त्यांनी घेतला नाही तर उरलेला रिसीव्हर पिळतो. शिवाय ट्रकचा मागचा भाग रिकामा, मागून १७,००० चा रेटा. पावसात उतारावर हे लक्षात ठेवा.

भटकी_जोडी
सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला हलवून पिन वेट कमी केलं तर? मग डॉलीच नको.

पाना_बारा
बैलगाडी उलाळ होते तशी गत होईल. पिनवर १५ टक्क्यांच्या खाली गेलात की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. त्यातून १,८५० पाउंड कमी करायला ३,३०० चे १,४५० करावे लागतील, म्हणजे दहा टक्क्यांहूनही कमी. विषय संपला.

टेक्सासचा_वाटसरू
वाचलं. रिसीव्हर अडीच इंची, स्टिकरवर १५,०००. बाजारात २०,००० चा रिसीव्हर मिळतो, तो बसवला तर?

पाना_बारा
रिसीव्हर बदलून ट्रकची ओढक्षमता बदलत नाही. कंपनीच्या टोइंग गाइडमध्ये तुमच्या इंजिन, अ‍ॅक्सल रेशो आणि बेडच्या जुळणीसमोर साध्या (मागे गोल बॉलवर जोडायच्या) ओढीचा जो आकडा आहे तो आणि नव्या रिसीव्हरचा आकडा, या दोनांत कमी तो खरा. शिवाय रिसीव्हरचा आकडा एका बॉलवरच्या ओढीसाठी काढलेला असतो, दोन टोकांवरच्या पिळासाठी नाही. गाइडमध्येही १५,००० च निघाले तर १७,१०० चा प्रश्नच उरत नाही. त्या हिशेबात डॉली वजा जाता ट्रेलर १२,९०० चाच हवा.

चाकाचा_नट
डॉली कुणी घेतलीच तर जोडणीचा क्रम, कारण इथे चुका ठरलेल्या.

ट्रेलरच्या चाकांना उटी लावा. सपाट जागी डॉली आधी ट्रकला जोडा, दोन्ही पिना, दोन्ही क्लिपा, मग ट्रक-डॉली एकच गाडी समजून मागे घ्या. ट्रेलरचे पाय इतपत खाली-वर करा की पिनबॉक्सचा (ट्रेलरच्या पुढच्या, पिन असलेल्या पेटीचा) तळ हिचच्या प्लेटपेक्षा अर्धा-एक इंच खाली असेल. प्लेट त्याला उचलत आत शिरते. पिनबॉक्स उंच राहिला तर पिन जबड्यात न बसता जबड्यावर बसते, हँडल मात्र बंद झाल्यासारखं दिसू शकतं. टॉर्च मारून जबडा पिनेभोवती मिटलाय ते डोळ्यांनी बघा. पाय जमिनीला टेकलेलेच ठेवून ट्रकमधल्या ब्रेक कंट्रोलरने ट्रेलरचे ब्रेक हाताने लावा आणि ट्रक हलकेच पुढे ओढून पाहा. मगच पाय वर. ट्रेलर समतल हवा. नाक वर राहिलं तर मागच्या अ‍ॅक्सलवर जास्त भार येतो.

ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला की ओढली जाऊन त्याचे ब्रेक लावणारी) सगळे डॉलीला बांधतात. चूक! डॉली-ट्रेलर दोन्ही ट्रकपासून सुटले तर ती तार ओढलीच जाणार नाही आणि ट्रेलर ब्रेकविना पळेल. डॉलीची एक तार, ट्रेलरची दुसरी, दोन्ही ट्रकच्या चॅसीपर्यंत. वळणावर ताणली जाणार नाही इतकी ढील, रस्त्यावर घासणार नाही इतकीच.

ब्रेकची जात एकच ठेवा. डॉलीला विद्युत ड्रम आणि ट्रेलरला हायड्रॉलिक डिस्क असेल तर कंट्रोलरमधला मोड एकालाच जुळतो; एक आधी चावतो, दुसरा उशिरा, आणि आधी चावणाऱ्याचे लायनिंग जळतात. दोन्ही विद्युत असतील तर चुंबक मोजा: प्रत्येकी साधारण तीन अँपिअर, डॉली धरून तीन अ‍ॅक्सलचे सहा, म्हणजे १८ च्या आसपास. सात पिनी प्लगमधली ब्रेकची निळी आणि ग्राउंडची पांढरी तार १० गेजची हवी. बारीक तारेत व्होल्टेज वाटेतच गळतं आणि सगळ्यात मागचा अ‍ॅक्सल नुसता फिरत राहतो.

चाकाचे नट १०, २५ आणि ५० मैलांनंतर पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. जुन्या डॉलीचे टायर नक्षी भरपूर असूनही वयाने गेलेले असतात.

सांधेजोड
आणि लांबी. ट्रक २१ फूट, ट्रेलर ४०. बेडमध्ये जोडला तर नाक ट्रकवर येतं, एकूण ५५-५६ फूट. डॉलीने पिन सात-आठ फूट मागे, एकूण ६३-६४. टेक्सासमध्ये मर्यादा ६५, कॅलिफोर्नियातही ६५. मागे सायकलींचा रॅक लावलात की गेलात. लायसन्सचंही बघा: १०,००० + १६,००० बरोबर २६,०००, आणि टेक्सासात क्लास ए लागतो २६,००१ पासून. डॉलीचं जीव्हीडब्ल्यूआर त्यात मिळवलं की आकडा ओलांडतो. विनाव्यावसायिक क्लास ए लागणार असं धरूनच चाला. विम्यावर डॉलीची वेगळी नोंद करता येते का तेही विचारा.

टेक्सासचा_वाटसरू
टोइंग गाइड उघडलं. माझ्या जुळणीसमोर साधी ओढ १५,००० च. डॉलीवाल्याला ‘नको’ म्हणून कळवलं. ट्रक तोच ठेवायचा तर काय घेता येईल?

पाना_बारा
माणसं-सामान आणि हिच वजा जाता पिनसाठी १,४५० उरतात. २२ टक्क्यांनी भरलेलं ६,५०० पाउंडांचं फिफ्थ व्हील, म्हणजे छोटंच. मागे बॉलवर जोडायचा ट्रॅव्हल ट्रेलर घेतलात तर टंग वेट (बॉलवर पडणारा भार) १०-१५ टक्के. १३ धरून, वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे (तो भार ट्रकच्या पुढच्या अ‍ॅक्सलवरही वाटणारी हिच) १०० सोडून, भरलेला ११,९०० पर्यंत जातो. रिसीव्हरवरची टंगची मर्यादा तेवढी तपासा. ४० फुटीच हवं असेल तर मागे चार टायरवाला एक टनी ट्रक शोधा, आणि त्याच्या दारावरचं पिवळं स्टिकर प्रत्यक्ष वाचून घ्या, जाहिरातीतला आकडा नको. घेतल्यावर कॅट स्केलवर (ट्रक स्टॉपवरचा वजनकाटा) दोनदा वजन करा, ट्रेलरसह आणि एकट्या ट्रकचं, माणसं-सामान दोन्ही वेळा तेच. दोन्ही वेळच्या ट्रकच्या पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या बेरजेतला फरक म्हणजे तुमचं खरं पिन वेट. २४ तासांच्या आत दुसरं वजन स्वस्तात होतं.