थंडीतली ऊब आणि विजेचं बिल: तुमच्या घरी काय चालतं?

गोदाकाठ (नाशिक)

धाग्याला निमित्त विजेचं बिल. नोव्हेंबरात २४० युनिटं, डिसेंबरात ३१८. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतर एक पायरी आहे आणि ३०० नंतर आणखी एक. त्यामुळे ती वरची १८ युनिटं फार टोचली. संशयित दोन: न्हाणीघरातला गीझर आणि अभ्यासाच्या टेबलाखालचा चिरंजीवांचा ब्लोअर. ब्लोअर २००० वॉटचा, म्हणजे तासाला दोन युनिटं. कानाला टोपी नाही, पायात मोजे नाहीत, आणि खोली तापवायची!

गीझरचा हिशेब कागदावर मांडला. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि ८६० किलोकॅलरी म्हणजे एक युनिट. पहाटेचं पाणी १६ अंशांचं, आंघोळीला ४२ चं, बादली २० लिटरची. माणशी सुमारे ०.६ युनिट. चौघांचं अडीचच्या आतबाहेर. यात काटछाट होत नाही, कारण आंघोळ तर करायचीच. पण आमचा गीझर साडेपाच ते साडेनऊ चालूच असायचा. टाकी निवायची, पुन्हा तापायची. आता चौघांनी एकापाठोपाठ एक जायचं आणि शेवटच्याने बटण बंद करायचं असा नियम केलाय. नंबरावरून रोज भांडण होतं ते वेगळं.

तुमच्याकडे काय करता? ऐकीव नको, स्वतः केलेलं सांगा.

काळी माती (निफाड तालुका)

ताई, तुमचं १६ अंशांचं पाणी वाचून हसू आलं. आमच्या तालुक्याचा पारा दरवर्षी टीव्हीवर असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा सांगतात तो. पारा फार उतरला की आमची माणसं घरात नसतातच, बागेत असतात. द्राक्षांच्या ओळींमध्ये शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सोडतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, त्याने मुळांशी जरा ऊब राहते. मणी तडकले की वर्षाची कमाई गेली.

घरातलं म्हणाल तर एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या आम्ही बांधून छपराखाली रचून ठेवतो. उन्हाळाभर वाळतात, हिवाळ्यात बंबात जातात. गीझर आहे, पण तो पाहुण्यांसाठी. आणि पांघरायला गोधडी. माझ्या अंगावरच्या गोधडीत आजेसासूबाईंची दोन लुगडी आहेत. थरांमध्ये हवा अडकते, सगळी करामत तिची. दाबून दाबून घट्ट शिवलेली गोधडी टिकते जास्त, पण ऊब देत नाही. टाके जरा सैलच हवेत.

संत्रानगरी (नागपूर)

राजेहो, एक गोष्ट कोणीच बोलत नाही: कूलरची खिडकी! उन्हाळ्यात खिडकीत कूलर बसवतो, दिवाळीनंतर त्याच्यावर कापड टाकतो आणि मोकळे होतो. आमच्या बेडरूममध्ये रात्री पाय गार पडायचे, हीटर लावून काही उपयोग नाही. एका रात्री कूलरच्या जाळीपुढे उदबत्ती धरली, धूर सरळ आडवा आत आला. म्हणजे पूर्ण हिवाळा आम्ही दीड फुटाचं भोक उघडं ठेवून झोपत होतो. जुन्या फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल मापात कापला, वर जाड प्लास्टिक, चारही बाजूंनी चिकटपट्टी. खर्च ४० रुपये, तोही चिकटपट्टीचा. हीटर तेव्हापासून दिवाणाखाली पडून आहे.

मग दारांखाली उदबत्ती फिरवायचं वेडच लागलं. बायको म्हणे आता आरतीपण म्हणा.

श्वाबेनकर (श्टुटगार्ट)

आमचं पहिल्या वर्षीचं प्रकरण सांगते. इथे खिडकी दोन तऱ्हांनी उघडते: पूर्ण, किंवा वरून थोडी कललेली. फोडणीचा वास जावा म्हणून मी स्वयंपाकघराची खिडकी दिवसभर कललेली ठेवायची, आणि खाली हीटर चालू. हवा काही फारशी बदलत नाही, खिडकीलगतची भिंत मात्र गारठते. तिथे काळी बुरशी आली. वर वर्षअखेरीचा हिशेब आला. इथे प्रत्येक हीटरवर एक छोटा मोजक असतो, महिन्याला ठरावीक पैसे भरायचे आणि वर्षाने खरा हिशेब. तो आकडा मी नवऱ्याला जेवण झाल्यावर सांगितला.

शेजारच्या आजींनी शहाणं केलं. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच मिनिटांनी बंद. दमट हवा जाते, भिंती आणि फर्निचर गरमच राहतात, त्यामुळे खोली लगेच सावरते. दुसरं म्हणजे हीटरच्या खटक्यावरचा ५ हा आकडा. मला वाटायचं ५ वर ठेवलं की लवकर तापतं. तसं नाही. ३ म्हणजे साधारण २० अंश, ५ म्हणजे त्याहून बरंच जास्त, खोली तापायचा वेग तोच. हीटरपुढचा सोफाही सरकवला. इतके दिवस आम्ही सोफ्याची पाठ शेकत होतो.

रात्री पायाशी चेरीच्या बियांची पिशवी. मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं. आईला दाखवली तर म्हणाली, आम्ही मिठाची पुरचुंडी तव्यावर शेकायचो की.

दोनमोजे (लीड्स, विद्यार्थी)

आमच्या घरात आधी पैसे भरून चालणारा मीटर आहे. गंमत अशी की काहीच वापरलं नाही तरी रोजचा स्थिर आकार कापला जातो. सुट्टीत गावाला गेलो, परत आलो तर मीटर उपाशी!

माझा उपाय गरम पाण्याची पिशवी. दीड-पावणेदोन लिटर पाणी किटलीत तापवायला ०.२ युनिटही लागत नाही. युनिट साधारण २५ पेन्सांना धरा, पाच पेन्सांत रात्र निघते. हीटरला तासाला ५०. पण उकळतं पाणी ओतू नका, आणि पिशवीच्या गळ्याजवळ फुलासारखी खूण असते ती बघा. मधला आकडा म्हणजे ती बनल्याचं वर्ष. मी जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक पाउंडाला उचलली होती, फुलात सात वर्षांपूर्वीचा आकडा. घरी येऊन टाकून दिली. रबर दोनेक वर्षांनी बदलावं म्हणतात.

खालची आळी (गुहागर)

आमच्याकडे थंडी कसली, पण न्हाणीतली चूल बारमाही. सोडणं, करवंट्या, वाळक्या झावळ्या. विकत काही नाही. राखेने भांडी. गॅसवर पाणी तापवलंत तर आमची आजी तुम्हाला घरात घेणार नाही.

सदाशिव (पुणे)

सोसायटीत सौर बंब आहे. गच्चीपासून चौथ्या मजल्यापर्यंत नळीत साठलेलं गार पाणी आधी येतं, अर्धी बादली. ते लोक मोरीत सोडतात. आम्ही धुण्याच्या यंत्रात घालतो. दुसरं: ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेची कॉइल असते, ती कोणीतरी पावसाळ्यात चालू केली ती जानेवारीपर्यंत तशीच होती. सूर्य फुकट आणि बिल सगळ्यांचं. गच्चीवर जाऊन बटण बघा, एवढंच सांगतो.

रातराणी (कल्याण)

जरा वेगळं, पण लिहितेच. मागच्या डिसेंबरात भावाच्या लग्नाला गावाकडच्या घरी होतो. थंडी मरणाची. दोघा पोरांनी भट्टीतले उरलेले निखारे घमेल्यात भरून खोलीत आणले आणि दार-खिडक्या लावून झोपले. पहाटे एकाला उलटीने जाग आली म्हणून निभावलं. दुसरा हाका मारून उठेना. बाहेर अंगणात ओढून काढला, दवाखान्यात ऑक्सिजन लावला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, धूर दिसत नाही. निखारे लालभडक, स्वच्छ दिसतात आणि म्हणूनच भीती वाटत नाही. न्हाणीघरातल्या गॅस गीझरचंही तेच. हवा खेळायची झडप उघडी नसेल तर लावू नका.

काळी माती

बाई गं. आमचा बंब अंगणात असतो, आत कधीच नाही.

गोदाकाठ

रातराणी, बरं केलंत लिहिलंत. चिरंजीवांना वाचून दाखवलं.

इकडची खबर: नागपूरकरांची उदबत्ती आम्हीही फिरवली, बाल्कनीच्या सरकत्या दाराने धूर ओढला. खाली जुनी सतरंजी गुंडाळून लावलीय. ब्लोअर माळ्यावर गेला आणि माळ्यावरून सासूबाईंचा तांब्याचा बंब खाली आला. बाल्कनीत मावतो, पण तोटी गळते. भांडी बाजारात दोन दुकानांत विचारलं, दोघांनी मोडीत द्या म्हणून भाव सांगितला. नाशकात जुनी तोटी जोडून देणारं कोणी माहीत असेल तर कृपया कळवा.